मोहाच्या वाइनमधला धूर

नाशिकच्या माणसानं वाइन चाखायला गोंदिया जिल्हा गाठावा, हे आमच्या शेजाऱ्यांच्या काही पचनी पडलं नाही. "अहो, लोक वाइनसाठी तिकडून इकडे येतात," असं म्हणून त्यांनी मला वेड्यात काढलं. मी म्हटलं, द्राक्षाची वाइन मी वीस वर्षं चाखते आहे, तिचं मला आता नवल राहिलेलं नाही. फुलाची वाइन प्यायलात का कधी? नाही ना? मग परत आल्यावर सांगते, तोवर गप्प बसा.

आमचा नाशकात एक छोटा गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, बाटल्यांना कागद गुंडाळायचा आणि आत काय आहे ते नुसत्या वासावरून, चवीवरून ओळखायचं, असा आमचा खेळ. मी कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे वाइन बिघडलेली असली तर ती बुचामुळे बिघडली की न धुतलेल्या टाकीमुळे, हेसुद्धा मी पेला नाकाशी नेता नेता सांगते. ही बढाई आहे हे मला ठाऊक आहे. पण ती खरी आहे, त्यामुळे मारायला हरकत नाही.

गोंदियातल्या एका संस्थेचं निमंत्रण आमच्या गटाला आलं ते याच कीर्तीमुळे, असं मी तरी धरून चालले. बोदलकसा तलावाजवळच्या एका गावात बायकांनी रीतसर परवाना काढून मोहाच्या फुलांची वाइन करायला घेतली होती. आसपासच्या गटांच्या जांभळाच्या आणि बोरांच्या वाइनही होत्या. मार्चअखेरीला, मोह पडायच्या दिवसांत, दोन दिवसांचा मेळावा भरणार होता आणि चाखून गुण द्यायला बाहेरची तीन माणसं हवी होती. एक मी. दुसरे देशमुख, सत्तरीला टेकलेले द्राक्ष बागायतदार, ज्यांना आजवर एकही वाइन वाईट लागलेली नाही. तिसरी निमा. ती नाशकात छोटं हॉटेल चालवते, आमच्यात वयानं सर्वांत लहान आणि बोलायलाही सर्वांत कमी. दुसऱ्या दिवशी समारोपाला न थांबता कचारगडच्या गुहा पाहायच्या, असंही ठरवून ठेवलं होतं.

गोंदिया, शुक्रवार

गोंदिया स्टेशनाबाहेर पडलो आणि मराठी संपली. रिक्षावाला हिंदी, चहावाला हिंदी, पाण्याची बाटली विकणाराही हिंदी. गाडीवाल्याला आम्ही कशासाठी आलो ते मी सांगितलं, तर तो आरशातून आमच्याकडे बघतच राहिला. "नासिक से? महुआ पीने? मॅडम, हमारे यहाँ तो आदमी महुआ से परेशान है, और आप रेल से आ रहे हो!" देशमुखांनी त्याला फूल आंबवून केलेली वाइन आणि भट्टीतून काढलेली दारू, जिला तिकडे कच्ची म्हणतात, यांतला फरक तिरोड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत समजावून सांगितला. शेवटी तो म्हणाला, "मतलब, कच्ची से भी कच्ची." देशमुख मग खिडकीबाहेर बघू लागले.

बाहेर बघण्यासारखं होतंही. आमच्याकडे मार्च संपता संपता शिवार करपून जातं. इथे मधूनच उन्हाळी धानाचे हिरवेगार तुकडे, त्यांच्या मध्ये मोकळ्या पडलेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि बांधावर एकेकटी उभी असलेली मोहाची जुनी झाडं. भातगिरण्यांजवळून गेलो की कोंड्याचा उबट, किंचित गोड वास गाडीत शिरायचा. मग रान लागलं, पळस लागला आणि एका वळणानंतर तलाव दिसला. डोंगरांनी तीन बाजूंनी धरून ठेवलेलं एवढं पाणी, आणि काठावर एक मासेमार आपलं जाळं निवांत निवडत बसलेला. आमच्याकडे धरणावर गेलं की आधी मक्याची कणसं आणि भेळेच्या गाड्या भेटतात. इथे पाण्यापाशी फक्त पाणीच होतं, हे मला फार आवडलं.

उतरायची सोय तलावाजवळच होती. जेवण मात्र गावात, शारदा कापगते यांच्या घरी. वाइन करणाऱ्या बायकांच्या गटाच्या अध्यक्ष. चाळिशीच्या, घरची धानाची शेती, नवऱ्याचं किराणा दुकान, आणि बोलणं असं की सरळ मुद्द्यावर. तलावातल्या माशाचा लाल रस्सा, चिन्नोर तांदळाचा सुवासिक भात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे असा बेत होता. देशमुखांनी थोडा वेळ वाट पाहून "पोळी येतेय का?" असं हळूच विचारलं.

"पोळी कायले?" शारदाताई म्हणाल्या. "भात आहे ना जी."

आणि त्यांनी देशमुखांच्या ताटात आणखी दोन डाव भात टाकला. त्यानंतर परत निघेपर्यंत त्यांनी पोळीचं नाव काढलं नाही.

जेवणानंतर शारदाताईंनी आम्हाला त्यांचं वाइनघर दाखवलं. समाजमंदिरामागची एक स्वच्छ खोली, त्यात ओळीनं लहान लहान टाक्या, प्रत्येकीवर खडूनं आकडा. कुणाच्या फुलाची वाइन चांगली उतरते ते कळावं म्हणून गेल्या वर्षी प्रत्येकीचं फूल वेगळ्या टाकीत घातलं होतं. ही पद्धत मला मनापासून पटली. आमच्याकडच्या कित्येक बागायतदारांना ही अक्कल अजून आलेली नाही.

तिथेच त्यांनी गटाचा नियमही सांगितला. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि वाळल्या पाल्यात पडली की वेचताना सापडत नाहीत. म्हणून पूर्वी लोक झाडाखालचा पाला जाळून जागा काळी-स्वच्छ करून घ्यायचे. ती आग पुष्कळदा बांध सोडून रानात जायची. एका वर्षी गावाच्या मागची अख्खी टेकडी जळाली, तेव्हा या बायकांनी गटात ठराव केला की जाळायचं नाही, झाडाखाली जाळी अंथरायची.

"अन् जिनं जाळलं, तिचं फूल त्या मोसमात गट घेत नाही," शारदाताई म्हणाल्या. "मंग ते कोनाचंही असो. माह्या सासूचं असलं तरी नाही."

"कुणाचं नाकारलंय का आतापर्यंत?" निमानं विचारलं.

"नाही. तशी पाळी नाही आली."

बोदलकसा, शनिवार

समाजमंदिराच्या अंगणात मांडव होता. समोर सतरंज्यांवर गावातले शे-सव्वाशे लोक, पुढे बायका, मागे पुरुष. आमच्यासाठी टेबल, पांढरं कापड, काचेचे पेले आणि टेबलावर माईक. चौदा बाटल्या, सगळ्या कागदात गुंडाळलेल्या, वर नुसता आकडा, मोहाच्या बाटल्यांवर त्यांच्या टाकीचाच. व्यवस्था इतकी चोख होती की मला नाशकात आमच्या गटात बसल्यासारखं वाटलं, आणि त्याच तंद्रीत मी पहिली चूक केली.

वाइन चाखणारे लोक वाइन गिळत नाहीत. घोट तोंडात फिरवतात आणि बादलीत थुंकतात, नाहीतर पाचव्या पेल्यानंतर चव कसली कळणार? आम्ही मागून घेतलेल्या बादल्या टेबलाखाली होत्या. पहिली वाइन मी तोंडात घेतली, फिरवली आणि बादलीत टाकली. मग मागून एक म्हातारबुवा स्वच्छ आवाजात म्हणाले, "थुकाचंच होतं, तं घेतल्या कायले?"

हशा पिकला, पण तो पुरुषांचा. पुढच्या बायका हसल्या नाहीत. शारदाताई खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "मॅडम, इथं मोहा पह्यले देवाले, मंग मानसाले. असं नका करू." मी बादली बाहेर पाठवून दिली आणि तिथून पुढे प्रत्येक घोट गिळला. देशमुखांना ही सुधारणा फारच मानवली. ते दर पेल्यागणिक अधिक प्रसन्न होत गेले. त्या म्हातारबुवांनाही एक पेला देण्यात आला. त्यांनी तो एका दमात संपवला, थोडं थांबून स्वतःची तपासणी केली आणि निकाल दिला, "शरबत आहे जी हे. चढूनच नाही राहिली."

पण वाइन चांगली होती. अगदी मनापासून सांगते. चांगल्या मोहाच्या वाइनला आधी मनुकांचा वास येतो, मग मधाचा, आणि जिभेच्या कडेला अखेरीस एक रानटी कडसर चव रेंगाळते. ती द्राक्षाला कधी जमणार नाही. चौथ्या क्रमांकाची बाटली तर अशी होती की मी नाशकातल्या तीन माणसांना ती न सांगता पाजून त्यांची फजिती करायचं तिथेच ठरवलं.

मग सातवी आली.

नाकाशी नेली आणि मी थांबले. मोहाच्या वासावर दुसरा एक वास बसला होता. जळकट, धुरकट. दुसऱ्यांदा घेतला. शंकाच नाही. देशमुख म्हणाले, "थोडी वेगळी आहे, पण छान आहे." निमा पेला हुंगत राहिली. मी माईक ओढून घेतला.

आता हे लिहिताना वाटतं, तोवर पाच पेले गिळून झाले होते म्हणून जीभ सैल सुटली असेल. पण ती पळवाट झाली. खरं कारण एवढंच की मला तो वास ओळखता आला होता आणि शंभर माणसं ऐकत होती.

"या वाइनमध्ये धूर आहे," मी म्हणाले. "टाकीचा दोष नाही, बाटलीचा नाही. फुलातच धूर आहे. काल मला तुमचा नियम सांगितला. ही सातव्या टाकीची फुलं जिथे पडली, तिथला पाला जाळलेला होता."

मला वाटलं, लोक टाळ्या वाजवतील. नाशकात वाजवतात.

इथे बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. सतरंजीवर बसलेली एक बाई उठून उभी राहिली. सत्तरीच्या आसपासची, काटक, पदर घट्ट खोचलेला. गाव तिला अनुसयामाय म्हणतं. एकटी राहते, दुसऱ्याची धानाची बांधी ठेक्यानं करते, आणि त्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाची दोन झाडं आहेत. सातवी टाकी तिच्या फुलांची होती.

"मी नाही जाळली," ती म्हणाली.

शारदाताईंचा चेहरा पडला. "माय, मॅडमले वास येऊन राहिला ना."

"कोनता वास? मले तं नाही येत." तिनं बाटली मागून घेतली, बोटावर थेंब घेऊन हुंगला, चाखला. "कोनता धूर? काहीच नाही ह्याच्यात." मग ती माझ्याकडे वळली. "चला माह्या झाडाखाली. पाहा कुठं जळलं आहे ते."

"आजी, वर्षभरापूर्वीची राख आता कशी दिसणार?" मी म्हणाले. हेही माईकवरच.

कोणीतरी मागून म्हणालं, ती एकटी बाई, कोण बघायला जातं, जाळलंही असेल. शारदाताईंनी गटातल्या चार बायकांना बाजूला नेलं. परत आल्यावर त्या सगळ्यांसमोर बोलल्या, आणि त्यांना ते जड गेलं हे दिसत होतं. "नियम नियम आहे. अनुसयामायचं फूल औंदा गट घेणार नाही."

झाडं तेव्हा नुकती गळायला लागली होती. मोसम जेमतेम तीन आठवड्यांचा. अनुसयामायनं बाटली टेबलावर ठेवली, पण ती गेली नाही. आपल्या जागी जाऊन पुन्हा बसली आणि उरलेल्या सातही वाइनचे गुण सांगून होईपर्यंत बसून राहिली. मी तिच्या दिशेनं बघायचं टाळलं. तरीही तेव्हा मला वाईट वाटत नव्हतं, हे कबूल करायला हवं. खरं बोललं की कुणाला तरी लागतंच, असं माझं मत होतं, आणि मी पुढची बाटली उघडायला सांगितली.

संध्याकाळी तलावाच्या काठावर देशमुख माझ्या नाकाचं कौतुक करत होते. "काय पकडलंत हो! मला तर कळलंच नाही." मी ते ऐकून घेत होते. निमा पाण्याकडे बघत बसली होती. ती एकदम म्हणाली, "धूर होता. मलाही आला. पण मॅडम, पाला कुठून आला?"

"म्हणजे?"

"धुराचा वास आला. पाल्याचा कुठे आला?"

मला राग आला. पोरीला वीस वर्षांचा अनुभव नाही आणि मला प्रश्न विचारते. मी म्हटलं, दुसरा कुठला धूर असणार इथे? उद्या पहाटे त्या बाईच्या झाडाखाली जाऊ. काळं झालेलं खोड तुला दाखवते, म्हणजे तुझी खात्री पटेल.

अनुसयामायची बांधी, रविवार

पहाटे साडेपाचला आम्ही दोघी निघालो. मोह पडताना पाहिला नसेल त्यानं तो एकदा पाहावा, एवढंच म्हणेन. फूल हे नाव त्याला शोभत नाही. मोत्याएवढं, फिकट पिवळं, रसानं तट्ट फुगलेलं ते काहीतरी वरून सुटतं आणि टप्पकन खाली येतं. मग दुसरं, मग एकदम दहा. वारा नव्हता, तरी सगळं झाड गळत होतं. वास असा दाट की चव घेतल्यासारखा वाटावा.

झाडाखाली गटाची हिरवी जाळी होती आणि जाळी जिथे पुरली नव्हती तिथे जुनी लुगडी अंथरलेली होती, कडेला दगड ठेवून. अनुसयामाय वाकून वेचत होती. गट घेणार नाही हे कालच ठरलं होतं, तरी वेचत होती. आम्हाला पाहून तिनं नुसती मान वर केली.

"आल्या? पाहा."

मी पाहिलं. आधी खोड पाहिलं, कारण पाला दरवर्षी जाळला की खोड बुडाशी काळं पडतं आणि ते वर्षभरात जात नाही. शेजारच्या शेतातल्या झाडाचं खोड तसं होतं, जुन्या जळीताचं. हिचं खोड राखाडी, स्वच्छ. मी म्हटलं, साल सुटून नवी आली असेल. मग खाली पाहिलं. लुगड्यांच्या मधून, जागा सोडून, मोहाची रोपं उभी होती. चार-पाच रोपं, माझ्या गुडघ्याएवढी. प्रत्येकाभोवती काड्यांचं छोटं कुंपण.

"ही किती वर्षांची?" मी विचारलं.

"हे दोन, तीन सालाचे. हा मोठा चार सालाचा. मोहाचं फळ, टोळी, पडून आपोआप उगवले, मंग मी राखले. माहे झाड म्हातारे झाले ना."

गेल्या वर्षी इथे पाला जाळला असता तर यातलं एकही रोप उभं राहिलं नसतं. हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही, कुठल्याही शेतकऱ्याला कळेल. निमा माझ्याकडे बघत नव्हती, ते बरं केलं तिनं. काल मी छातीठोकपणे जे सांगितलं ते सगळंच हातातून निसटलं होतं.

पण धूर तर होता. तो माझ्या नाकानं बनवलेला नव्हता, निमालाही आला होता. मग आला कुठून?

अनुसयामाय म्हणाली, "चहा घ्या. एवढ्या दूर आल्या तं."

तिचं घर बांधीच्या पलीकडे, टोलीच्या, म्हणजे वस्तीच्या, टोकाला. एकच मोठी खोली, मातीच्या भिंती नीट सारवलेल्या, कोपऱ्यात चूल. तिनं चूल पेटवली, फुंकणीनं फुंकली, आणि धूर चुलीवरून सरळ वर गेला. मीही वर पाहिलं. चुलीच्या वर बांबूचं मचाण होतं. त्यावर जळण, एक सूप, लसणाच्या जुड्या. बांबू धुरानं काळेभोर झालेले.

"त्या मचाणावर काय ठेवता?" मी विचारलं.

"जे वाळवाचं ते. मिरची, लसून, बिजाई." ती चहात साखर टाकत होती. "मागच्या साली मोहा बी तेथंच वाळवला. अवकाळी आला होता ना, गारा पडल्या. सगळ्याहीचं फूल अंगनात भिजून राहिलं होतं, सडून राहिलं होतं. मी रातच्याला उचलून आनलं, अन् मचानावर टाकलं. चूल दोन दिवस इझू नाही देल्ली. टोपलंभर बी वाया नाही गेलं."

चहाला धुराचा वास होता. घराला होता, तिच्या पदराला होता, आत आल्यावर पाच मिनिटांत माझ्या अंगालाही लागला असणार. ती या वासात जन्मभर राहिली होती. तिला तो येणार कुठून?

मी कप खाली ठेवला आणि निमाला म्हटलं, "समारोप किती वाजता आहे?"

"अकराला."

"कचारगडला तुम्ही दोघं जा. मी नाही येत."

"आम्हीही नाही जात," निमा म्हणाली.

समाजमंदिर, रविवार, अकरा वाजता

शारदाताईंना मी आधी एकटीला गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि पहिला प्रश्न विचारला. "मॅडम, काल तुमीच माईकवर बोल्ल्या. आज म्या उठून सांगतलं, तं लोक म्हनतील, अध्यक्षीन फिरली. मी काऊन सांगू?"

"तुम्ही नका सांगू," मी म्हटलं. "माझं मी सांगते."

मांडव कालच्याइतकाच भरलेला होता. मी टेबलावरचा माईक ओढून घेतला. मी सांगितलं, सातव्या वाइनमध्ये धूर आहे, हे काल म्हणाले ते आजही म्हणते. पण तो पाल्याचा आहे, हे मी माझ्या मनानं जोडलं. आज मी अनुसयामायचं झाड पाहून आले. तिथे चार वर्षांचं मोहाचं रोप उभं आहे. जळलेल्या जागेवर ते राहत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. धूर तिच्या चुलीचा आहे. गेल्या वर्षी गारपिटीत तुमची फुलं सडत होती तेव्हा तिनं आपली मचाणावर वाळवून वाचवली. तिनं नियम मोडलेला नाही. न पाहता बोलले ती मी. मला माफ करा.

बायकांच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अवकाळी तं आला होता." दुसरी म्हणाली, "माहं तं सगळंच सडलं होतं." एकीनं विचारलं, "रोपं आहेत काय खरंच?" तर चार जणींनी एकदम उत्तर दिलं की आहेत, आम्ही रोज पाहतो. मला वाटून गेलं, मग काल का नाही बोललात? पण मी विचारलं नाही. काल माईक माझ्या हातात होता.

शारदाताई उठल्या. "अनुसयामायचं फूल गट घेते. आजपासून. वाळवाले जाळी गट देईल, पाऊस आला तं ताडपत्री बी." टाळ्या झाल्या. जोरदार झाल्या, आणि त्या माझ्यासाठी नव्हत्या.

गुणांचा कागद मात्र मी बदलला नाही. देशमुखांनी मला सुचवून पाहिलं की आता सातवीला दोन गुण वाढवावेत, बरं दिसेल. मी नकार दिला. धुरानं मोहाचा वास दाबला होता, आणि का दाबला हे कळलं म्हणून तो मोकळा होत नव्हता. त्यांना ते कठोर वाटलं. निमाला नाही वाटलं.

समारोपानंतर भात-वड्यांची पंगत होती. मी ताट घेऊन अनुसयामायच्या शेजारी जाऊन बसले. ती आपली जेवत होती. मी म्हटलं, "काल चुकले मी. रागावलात का?"

तिनं घास संपवला. "वाईन बिघडली काय माही? खरं सांगा."

"थोडी बिघडली. धूर जास्त झाला."

"मंग औंदा उन्हातच वाळवीन." ती भात कालवत राहिली. मला वाटलं, संपलं बोलणं. मी पाण्याचा पेला उचलला, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माफी बिफी राहू द्या बाई. तुमी एवढ्या दूरून आल्या, वास घेतल्या, हुशार आहा. फूल वाळवली कशी, एवढंच पुसलं असतं, तं सांगतली असती. मी तेथंच तं बसली होती."